ओटीतला नारळ काढून घेतला

पदर पसरलेलाच होता माझा. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव, अंगणवाडीत सरकारी ओटीभरण. फोटोला गरोदर बायका कमी पडत होत्या, म्हणून अंगणवाडीच्या ताईंनी मलाही खुर्चीवर आणून बसवलं. मला दुसरा महिना. पाहुण्या बाईसाहेब, पुढाऱ्याची बायको. त्यांनी ओटीत नारळ घातला, मग विचारलं, "कितवं गं?"

"तिसरं."

"आन् पयल्या दोन पोरीच व्हय?" नारळ उचलला, शेजारणीच्या ओटीत घातला. "तिसऱ्याला योजना न्हाई, बाई. कोंबडी हाईस का तू?"

मांडव हसला. माझी चुलतसासूही हसली.

आदल्याच दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेले होते. मूल नको होतं. तिथंच बसवलेली तांबी सरकली आणि दिवस गेले. मार्केटात कांदा निवडून दोघींना खाऊ घालते, तिसऱ्याला बळ नव्हतं. डॉक्टरांनी केसपेपरवरची नजर उचलली नाही.

"दोन मुली. म्हणजे मुलगा हवाय, म्हणून पाडतेस."

"साहेब, सात आठवड्यांत कुणाला कळतंय मुलगी का मुलगा?"

"शहाणपणा शिकवू नकोस. नवऱ्याची सही आण." अख्ख्या रांगेला ऐकू गेलं.

हसणं अजून चालूच होतं. मी मांडवात उभी राहिले. ओटीतले तांदूळ सांडले, सांडू दिले.

"बाईसाहेब, काल पाडू देईनात. आज तुमी पोसायला न्हाई म्हनता. मंग मी करायचं काय? माईकवर सांगा."

ताईंनी पदर ओढला. "बस की गं खाली, पाव्हने हायेत."

बाईसाहेब माईकवाल्याला म्हणाल्या, "बंद कर ते."

त्याच आठवड्याच्या बाजारात बायकांच्या संघटनेचं पत्रक मिळालं. त्यात छापलं होतं: सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तेच घेऊन दवाखान्यात परत गेले. आज या, उद्या या. सातचे नऊ आठवडे झाले. शेवटी केलं, पण भूल दिली नाही. "तोंड चालतं ना? मग सोस," म्हणाले. सोसलं. विसरले नाही.

आता संघटनेची पत्रकं मी लिहिते. नको असलेलं मूल पाडायला आलेल्या बाईशेजारी दवाखान्यात मी बसते. जिला हवंय, ते पाचवं का असेना, त्याच्या दुधासाठी तिच्यासोबत तहसीलच्या दारात बसते. पोटात वाढवायचं का नाही, हे बाई ठरवेल. वाढवलं तर ते कितवं, हे सरकारनं विचारायचं नाही. उठवायला पोलीस आणा. उठणार नाही.