ओट्यावरचा प्रश्न

श्यामला आगाशे या बाईंना खुर्चीत बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. आमच्या संशोधन संस्थेत खुर्च्या भरपूर होत्या, आणि त्यांत बसून राहण्याची कला अवगत असलेले विद्वान त्याहून जास्त. बाई मात्र चहासुद्धा उभ्यानेच घ्यायच्या आणि कप हातात धरून माझ्या टेबलापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. मी संख्याशास्त्राचा माणूस. गावांतून आलेली उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि त्यांचे आलेख काढायचे, हे माझं काम. ती उत्तरं घरोघर हिंडून आणायची, हे बाईंचं.

अभ्यासाचा विषय साधा होता. नव्वदनंतर पुण्याभोवतीची गावं भराभर बदलत होती. शेताला लागून कॉलेजं उभी राहत होती, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. अशा दिवसांत शेतकरी घरं मुलींच्या शिक्षणाचं काय ठरवतात आणि ठरवलेलं करतात का, हे पाहायचं होतं. त्यासाठी दर हिवाळ्यात त्याच घरांत जायचं आणि तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे. मुख्य प्रश्न एकच, 'या मुलीला कुठपर्यंत शिकवणार?' घरात जितक्या मुली, तितक्यांदा तो विचारायचा. विचारताना हसायचं नाही, मान डोलवायची नाही, कौतुक तर मुळीच करायचं नाही. बाईंच्या वाट्याला लोणी काळभोर आलं होतं. सोलापूर रस्त्यावर ट्रकांच्या धुरात लूना दामटत त्या जायच्या आणि दुपारी धुळीने माखून परत यायच्या.

प्रश्न एकट्याला विचारावा असं आमच्या नियमात होतं खरं, पण ओट्यावर बसणाऱ्या गावाला कोण उठवणार? बाई दिसल्या की आतून खुर्ची यायची, मागोमाग चहा, आणि चहाच्या आधी शेजारी. महिपती हा तिथला बागायतदार, मार्केट यार्डात फ्लॉवर-कोबी पाठवणारा. त्याला दोन मुली, मोठी तनुजा आणि धाकटी भाग्यश्री. पहिल्या वर्षी तो म्हणाला, ''दहावी.'' भिंतीला टेकून बसलेला शेजारचा कोंडीराम लगेच म्हणाला, ''आमची बारावी करणार.'' पुढच्या हिवाळ्यात महिपतीचं उत्तर बी.ए.वर गेलं, मग कोंडीरामचं बी.एड.वर. असं चढत चढत महिपती एका वर्षी छाती काढून म्हणाला, ''कॉम्प्युटर इंजिनियर! लिवा बाई. धाकटीचं पण तेच लिवा.''

आमच्या संचालकांना हा चढता आलेख फार आवडला. उदारीकरणामुळे ग्रामीण पालकांच्या आकांक्षा कशा उंचावल्या, यावर ते परदेशात निबंध वाचून आले. बाईंच्या जिवाची मात्र तगमग व्हायची.

''अहो, आकांक्षा कसल्या? ही कोंडीरामशी लागलेली शर्यत आहे,'' त्या संचालकांना म्हणाल्या.

''बाई, आकडे काय म्हणतात ते बघा.''

''आकडे मीच आणलेत. ते कसे बोलतात ते मला माहीत आहे.''

यानंतर बाईंनी ध्यासच घेतला. माणसाला आडोशाला नेऊन, एकट्यालाच विचारायचं. चारचौघांत दिलेलं उत्तर आणि एकट्याने दिलेलं उत्तर यांत किती अंतर पडतं, हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय ठरला. संचालकांच्या दाराशी त्यांनी इतक्या खेपा घातल्या की शिपाई त्यांना बघून स्टूल सरकवायचा. माझ्या टेबलाशी येऊन त्या म्हणायच्या, ''कुणाची तरी मुलगी घरी बसेल हो, आणि आपल्या आलेखात ती इंजिनियर झालेली असेल. तुम्हाला झोप कशी लागते?'' मला उत्तम लागायची, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

अखेर संचालक वैतागले आणि हो म्हणाले. त्या हिवाळ्यापासून ज्याला त्याला एकटं गाठून विचारायचं, आणि तसं झालं नाही तर ते घर अभ्यासातून वगळायचं, असा कडक नियम झाला. बाई हरखून गेल्या होत्या.

त्या वर्षी तनुजा बारावीला होती. बाई महिपतीच्या दारात पोचल्या, तर ओट्यावर सतरंजी अंथरलेली आणि यवतकडचे पाहुणे बसलेले. तनुजाला बघायला आले होते. पोरगी साडी नेसून पोह्यांच्या बशा देत होती. महिपती लगबगीने खाली उतरला. ''बाई, यंदा जरा कडंला या, गोठ्याकडं. तिथं काय इचारायचं ते इचारा. हितं पाव्हणं हायती.''

बाईंना हवं होतं ते आयतंच समोर आलं होतं. गोठ्यात तो खरं बोलला असता. बारावी झाली की लग्न, एवढंच म्हणाला असता, आणि बाईंच्या प्रबंधाला याहून भक्कम पुरावा मिळाला नसता. पण तनुजा त्यांच्यापुढे बशी धरून हळूच म्हणाली, ''बाई, हितंच विचारा ना.''

बाई गोठ्याकडे गेल्या नाहीत. पाहुण्यांदेखत, कोंडीरामदेखत त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, ''महिपतराव, तनुजाला कुठपर्यंत शिकवणार?'' वर प्रश्नावलीत नसलेलं वाक्यही टाकलं, ''गेल्या वर्षी इंजिनियर म्हणाला होतात.''

कोंडीराम भिंतीपाशी खुदकन हसला. ''सांग की महिपती. का, यंदा उतरला व्हय भाव?''

महिपतीचे कान लाल झाले. ''भाव कशाला उतरतोय? इंजिनियर म्हनलं म्हंजी इंजिनियर,'' तो म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला. ''चार-पाच वर्सं थांबायची तयारी हाय का तुमची?''

पाहुण्यांनी पोहे संपवले आणि ते गेले. त्या गडबडीत भाग्यश्रीचं विचारायचं राहून गेलं.

हे सगळं बाईंनी मला त्याच दुपारी सांगितलं आणि मग संचालकांना जाऊन स्वतःच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. लपवलं असतं तर कळलंही नसतं, आणि मी त्यांना तसं म्हणालोही. त्या माझ्यावर उखडल्या. संचालक मात्र बऱ्याच दिवसांनी खुलले. ''नियम तुम्हीच मागून घेतला होतात, नाही का?'' महिपतीचं घर अभ्यासातून वगळलं गेलं. लोणीचं काम दुसऱ्या बाईंकडे गेलं. प्रबंध अर्ध्यात राहिला, आणि श्यामलाबाईंना माझ्याच खोलीत दिवसभर टेबलाशी बसून आलेली उत्तरं तपासायचं काम मिळालं. त्या पिंजऱ्यात घातल्यासारख्या झाल्या. अभ्यास संपेपर्यंत त्या घराशी कसलाही संबंध ठेवायचा नाही, अशीही ताकीद होती. ती त्यांनी पाळली. एकदा नियम मोडला, आता पुन्हा मोडायचा नाही म्हणाल्या. पण रोज मला विचारायच्या, ''गेली असेल का हो ती कॉलेजात?'' मला काय माहीत! मला त्यांची ही घालमेल बघवत नसे.

दीड-एक वर्षाने महिपती स्वतःच संस्थेत आला. पांढरे स्वच्छ कपडे, हातात पेढ्यांचा पुडा. बाईंना शोधत तो माझ्या खोलीत शिरला. ''तनुजाचं इंजिनियरिंगचं पैलं वरीस सुटलं, बाई. कॉम्प्युटर!''

बाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. त्यांनी पेढा घेतला, मलाही दिला, संचालकांच्या नावाने एक बाजूला काढला. इतक्या मोकळेपणी हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

''पर बाई, तुमच्यावर राग हाय आमचा,'' महिपती म्हणाला. ''थंडीत तुमच्याकडनं कुनी आलंच न्हाई. कोंडीरामाकडं नवी बाई यिऊन गेली, माझ्या दारावरनं सरळ फुडं. म्या खुर्ची काडून ठिवली व्हती.''

''आणि भाग्यश्री? ती काय करते?'' बाईंनी विचारलं.

''तिचं लगीन झालं की वैशाखात. दहावी झाली, स्थळ चांगलं आलं, दिली.''

''अहो, पण तिचंही इंजिनियरच लिहायला सांगितलं होतंत!''

''सांगितलं व्हतं,'' महिपती शांतपणे म्हणाला. त्याच्या बोलण्यात ना टोमणा होता, ना पश्चात्ताप. ''पर तिचं कुनी इचाराया आलंच न्हाई, बाई. इचारलं असतं, तर थांबलो असतो की.''

मला त्या माणसाचा संताप आला, संचालकांचा आला, आमच्या नियमांचा आला. बाईंनी हातातला अर्धा पेढा पुड्यात ठेवला.

''कुठे दिलीय तिला? गाव सांगा,'' त्या म्हणाल्या, आणि तो सांगेपर्यंत पर्स उचलून दाराशी पोचल्यासुद्धा.