खाजणी मांत्रिक

दिपेशला बघितलं की लोक आधीच ठरवून मोकळे होत. सहा फूट उंची, जाड मनगटं, कळव्याच्या गावठाणातलं घर. आजोबा धाकू मिठागरात राबलेले, आता त्याच घराण्याची बिल्डिंग उभी. म्हणजे रेती-सिमेंटचा धंदा असणार, नाहीतर जिम. कॉलेजात एकाने विचारलेलं, "बाउन्सर आहेस का रे?" दिपेश वागळे इस्टेटच्या एका लहान कारखान्यात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचा आणि जेवणाच्या सुट्टीत जाड कादंबऱ्या वाचायचा.

सिद्धेशने तसं काही विचारलं नाही. तो डोंबिवलीचा, त्याच कारखान्यात अकाउंट्सला. त्यानेच दिपेशला फाशांच्या एका खेळात ओढलं. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. आधी जमात निवडायची, मग पेशा. एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, हुशार; त्यांनी जादू शिकावी. बुटक्याने कुऱ्हाड धरावी. ऑर्क म्हणजे धिप्पाड राक्षस; ताकद जास्त, डोकं कमी, म्हणून त्याने तलवार चालवावी, असा रिवाज.

दिपेशने ऑर्क घेतला आणि म्हणाला, "मांत्रिक."

"फुकट मरशील," खेळणाऱ्यांतली निशा हसत म्हणाली. "ऑर्कने जादू करणं म्हणजे मी पुरणपोळी करण्यासारखं आहे."

गोष्ट चालवणारा सिद्धेश हसला नाही. "घेऊ दे त्याला. मजा तिथेच आहे."

तेवढ्या एका वाक्यावर दिपेशने त्याला आपला मानलं.

पात्राचं नाव त्याने आजोबांचं ठेवलं, धाकू. धाकूची जादू मिठाची होती. मूठभर मीठ फेकलं की चढतं पाणी जागच्या जागी थांबायचं. खेळता खेळता धाकूचे लोकही तयार झाले. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत राहणारे, चंद्र बघून भरती ओळखणारे, म्हणून खाजणी. दर रविवारी टेबल दिपेशच्या घरी मांडलं जाई. त्याची आई सगुणा तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबी वाढायची, मिठागराच्या गोष्टी सांगायची. सिद्धेश तिचं बोलणं मोबाइलमध्ये भरून घ्यायचा. "काकी, बांध फुटला ते परत सांगा ना." सगुणा परत सांगायची. असं चार वर्षं चाललं.

मग सिद्धेशने स्वतःचा खेळ छापला. डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. दिपेशला मेसेज आला, 'नक्की ये. सरप्राइज आहे.'

हॉलमधल्या टेबलाभोवती दोन-तीन अनोळखी मुलं बसली होती. सिद्धेशने विचारलं, कोण काय होणार?

"खाजणी मांत्रिक," दिपेश म्हणाला.

"खाजणीला मांत्रिक होता येत नाही."

"म्हणजे?"

"खाजणी फक्त योद्धे. ताकद अठरा, बुद्धी सहा. मिठाची विद्या एल्फना दिलीय."

दिपेशला वाटलं, हेच सरप्राइज. आता हा हसेल. सिद्धेश फासे मांडत होता.

"बॅलन्ससाठी रे. नवीन माणसाला बघताक्षणी कळायला पाहिजे, कोण काय करणार."

"तूच म्हणालेलास, मजा तिथेच आहे."

"ते घरच्या टेबलावर. हे विकायचंय, दिप्या."

शेजारी बसलेल्या अक्षदा नावाच्या मुलीने तयार पात्रांमधला एक कागद उचलला. वर नाव होतं, धाकू. पेशा, योद्धा.

"हा कसा बोलतो?" तिने विचारलं.

सिद्धेशने आवाज बदलला. "आमाला काय कलत नाय. कुनाला मारायचा, तेवरा सांगा."

टेबल हसलं. तो आवाज सगुणाचा होता. तोच हेल, शब्दाच्या शेवटी तसंच लांबवणं.

"काकीला आवडेल," सिद्धेश दिपेशकडे वळून म्हणाला. "आभारात तिचं नाव टाकलंय." हे तो मनापासून म्हणाला.

दिपेशने अक्षदापुढे हात केला. "धाकू मला देशील?"

तिने कागद दिला.

"धाकू उठतो," दिपेश म्हणाला. "दार उघडतो. घरी जातो."

"असं नाही करता येत. आत्ता तर गोष्ट सुरू होतेय."

"का? योद्ध्याला चालता येत नाही?"

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि तो दाराकडे निघाला. त्याला कोणी अडवलं नाही. सिद्धेश दुसरं पात्र शोधायला लागला होता.

रविवारी सगुणाने सवयीने जास्तीची कोलंबी सोलून ठेवली.

"पोरा नाय आली?"

"नाय येणार."

"आनि माझा बोलना भरून नेलेला सिद्धेशनी, त्याचा काय झाला?"

दिपेशने भाकरी मोडली. "चाललंय अजून."

"त्याला सांग, बांध फुटला तवा बाकीचे माती टाकीत बसलेले. तुझ्या आज्यानी पान्याकडं बघून सांगलेला, पानी कवा फिरनार ता. त्याच्यानी आगर वाचला. ता नीट लिव म्हनावा."

"सांगतो," दिपेश म्हणाला आणि मान खाली घालून जेवत राहिला.