तनूला ढील कोणी दिली?

नमस्कार. इथल्या जुन्या मंडळींना मी आठवत असेन. प्रत्येक पांढऱ्या साडीच्या कथेखाली 'पुरावा?' एवढा एकच शब्द लिहून निघून जाणारी ती मीच. अकोल्यात आमचा गट आहे. शाळांमधून आम्ही जिभेवर कापूर जाळून दाखवतो, नारळातून करणी काढून दाखवतो, आणि मग ती कशी केली तेही दाखवतो. गटाची पत्रकं मी लिहिते. तेव्हा हे टाइप करताना माझी किती चिडचिड होतेय याची कल्पना करा.

लिहायचं कारण एकच. माझ्या वहिनी हीच गोष्ट बार्शीटाकळीपासून त्यांच्या माहेरी चांदूर बाजारपर्यंत सांगत सुटल्यात, आणि दर खेपेला ती वाढतेय. परवा ऐकलं की तिच्यात आता एक जटाधारी बाबा पण आलाय. कोणताही बाबा नव्हता! दोर माझ्या हातात होता. त्यामुळे खरं काय घडलं ते मीच सांगते… जेवढं कळलं तेवढं.

जागा — परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला लागलं की डाव्या हाताला, नाल्यापलीकडे, काळ्या कातळाची एक उभी भिंत आहे. नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर उन्हाळ्यापर्यंत तिथे ओटा होईल, पुढच्या वर्षी देऊळ, आणि मग पार्किंगचा ठेका. वेळ — हिवाळ्यातली रविवारची सकाळ, स्वच्छ ऊन. धुकं नाही, अमावस्या नाही, कुत्रं रडत नव्हतं.

आम्ही चौघं. मी, माझ्या दादाची अकरा वर्षांची मुलगी तनू, तिची आई, म्हणजे वहिनी, आणि ढोरे सर, ज्यांनी अमरावतीला कॉलेजात असताना मला कातळ चढायला शिकवलं आणि आता तनूला शिकवतात.

त्या दिवशी तनू पहिल्यांदा लीड करणार होती. आजवर तिचा दोर वरून बांधलेला असायचा, हात सुटला तरी जागीच लोंबकळायचं. लीडमध्ये वर दोर नसतोच. चढणारी तो कमरेला बांधून खालून वर नेते आणि कातळात ठोकलेल्या बोल्टांत एकेक करून अडकवत जाते. खाली उभा असलेला माणूस आपल्या कमरेच्या बिले-यंत्रातून, म्हणजे झटका बसला की दोर आवळून धरणाऱ्या खाचेतून, दोर सोडत राहतो. बोल्टात अडकवायच्या क्षणी तिला एकदम ढील लागते. ती मिळाली नाही आणि हात सुटला, तर पोरगी खालच्या बोल्टाच्याही खाली जाते. या भिंतीवर शेवटच्या बोल्टाखाली एक दगडी टप्पा आहे. तिथून पडली असती तर त्याच्यावरच.

वहिनींनी परवानगी दिली होती ती अशी — "एकडाव. नीट झालं तं ठीक, नाही तं हे खूळ बंद. मंग पोट्टीनं मले परत इचारू नये." तनू आठवडाभर दुसरं काही बोललीच नव्हती.

आता मुख्य मुद्दा. चढाईआधी सगळा दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून काढून सैल ढीग करून ठेवतात. दिसायला गबाळा, पण सुटताना कुठे अडकत नाही. तो मी केला. मागचं टोक दोराच्या पिशवीला बांधलं आणि तनूचा हार्नेस, म्हणजे कमरेचा पट्टा, तपासायला गेले. परत येते तर ढिगाशेजारी कुंकू लावलेला दगड, दोन उदबत्त्या आणि फुटलेला नारळ!

"वहिनी, हे काय?"

"काही नाही, नारळ हाय."

"ते दिसून राहिलं मले. काहून?"

"लेकरू वर जाऊन राहिलं ना ताई. तुमचं पत्रक येणार हाय का धराले?"

"सुरक्षा दोरानं होते, नारळानं नाही!"

"मंग खोबरं खाऊ नका."

सर मागच्या पायवाटेने वर जाऊन कड्यावर बसले होते. तिथून ओरडले, "झालं का तुमचं अधिवेशन? पोट्टी गार पडून राहिली!"

मी तो विषय सोडला. जे मला दिसलं नव्हतं ते असं — नारळाला जागा हवी म्हणून वहिनींनी माझा ढीग उचलला होता, तो 'कसातरीच पडलेला' दिसला म्हणून माहेरच्या विहिरीचा दोर गुंडाळतात तसा कोपर आणि अंगठ्यात घेऊन नीट गुंडाळला होता, आणि मी येताना दिसले तेव्हा घाईघाईने पुन्हा विस्कटून 'जसा होता तसा' ठेवला होता. ताई ओरडतील म्हणून! कुंकवाच्या हातांनी. चढाईचा दोर असा गुंडाळून विस्कटला की त्यात फास तयार होतात. हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही, मान्य. पण विचारायचं ना!

तनू सुंदर चढली. खरंच सांगते. पाय बघून ठेवत होती, घाई नाही. बोल्टात दोर अडकला की "टक्" असा आवाज यायचा आणि ती खाली बघून हसायची. शेवटच्या बोल्टाशी पोहोचली. उजव्या हाताने एक बारीकशी धार धरलेली, डाव्या हाताने कमरेचा दोर ओढून दातात धरला, पुन्हा ओढला…

"आत्या, ढील!"

मी दोर सोडायला गेले. येईना. खाली पाहिलं तर यंत्राच्या खालच्या तोंडाशी मुठीएवढी गाठ येऊन बसलेली. लाल. कुंकवाने माखलेली.

"अव माय…" माझ्या मागून वहिनी म्हणाल्या, "म्या थोडासा गुंडाळला होता."

या वाक्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दोर धरलेला उजवा हात सोडता येत नाही — गाठ अचानक सुटली तर तनूला धरणारा तोच. एकट्या डाव्या हाताने ती गाठ सुटेना. मी भिंतीकडे सरकले, टाचा उचलल्या. मिळाली ती वीतभर ढील, तिला हवी होती हातभर.

"आत्या! ढील दे ना व!"

"तनू, एक पाय खाली घे!"

"नाही जमत! हात सुटून राहिला!"

आणि दोर गेला.

झटका नाही, ओढ नाही. विहिरीत कोणी अंदाजाने पोहरा सोडावा तसा माझ्या आवळलेल्या मुठीतून दोर वर सरकला, तिला हवा तेवढाच, आणि थांबला. मूठ मी उघडली नव्हती. तळहाताला चटका नाही, साधं खरचटलंसुद्धा नाही. वरून "टक्" ऐकू आलं. मग सरांचा आवाज — "शाब्बास! आता ये वर!" ती उरलेलं चढली आणि सरांनी तिला वर बांधून घेतलं.

मग मी समोर पाहिलं. गाठ यंत्राच्या वर होती. माझ्या आणि पहिल्या बोल्टाच्या मध्ये, डोळ्यांसमोर, तशीच लाल.

"ढोरे सर," मी ओरडले, "गाठ वरच्या बाजूला गेली!"

"कशी जाईन?"

"मले नाही माहीत!"

त्यांनी कड्यावरून वाकून गाठ पाहिली. मग म्हणाले, "खाली सोडू नको तिले दोरावर. गाठ बोल्टात अडकंन. मी घेऊन येतो मागून." वहिनींनी तोवर दगडापुढे डोकं टेकलेलं होतं.

आता तुमचे प्रश्न. मीच विचारते, माझा तो धंदा आहे. गाठ यंत्रातून गेली असेल? त्या खाचेतून नुसता दोर जेमतेम जातो. नंतर आम्ही तशीच गाठ मारून परतवाड्याच्या एका जीपवाल्याला तो दोर यंत्रातून जीपने ओढायला लावला. यंत्र वाकायला आलं, गाठ गेली नाही. खालची सुटली आणि वर दुसरी पडली? वरचा दोर ताणलेला होता. एक टोक तनूच्या कमरेला, दुसरं पिशवीला. आणि दुसऱ्या गाठीला कुंकू कुठून आलं? व्हिडिओ? आहे ना! वहिनींच्या मोबाईलवर. त्यात तनूची पाठ दिसते आणि वहिनींचा अंगठा.

आमच्या गटातले म्हणाले, तू घाबरली होतीस, भीतीत आठवण बदलते. अरे, हे वाक्य माझ्याच पत्रकातलं आहे! मलाच काय सांगता? तरी मी ते स्वतःला लावून पाहिलं. मग सरांनी वरून काय पाहिलं? एक जण तर म्हणाला, लिहूच नको, बुवाबाजीवाले फायदा घेतील. म्हणजे गैरसोयीचं तेवढं लपवायचं? मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? मला उत्तर माहीत नाही. 'माहीत नाही' याचा अर्थ 'देव आहे' असा होत नाही. त्याचा अर्थ माहीत नाही एवढाच होतो, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

पण मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या भिंतीवर एक पोरगी स्वतःच्या बोटांवर उभी राहिली आणि गावभर चर्चा कोणाची? दगडाची. वहिनींना तो दोर देवघरात ठेवायचा होता, मला तो गटाच्या तपासणीसाठी हवा होता. दोन्ही टोकं धरून आम्ही अंगणात अक्षरशः ओढाताण केली. तनू मध्ये येऊन म्हणाली, "दोर माहा हाय. चढली मी." आणि घेऊन गेली.

त्या दिवशी पायवाटेने उतरल्या उतरल्या ती धावत येऊन मला बिलगली होती. "आत्या, काय टाइमावर ढील देली व तू! नाही तं गेलीच होती मी." वहिनी माझ्याकडे बघत होत्या. 'हो' म्हटलं असतं तर श्रेय दगडाला जायचं टळलं असतं. पण ते खोटं होतं.

"मी नाही दिली," मी म्हणाले.

"मंग कोणं?"

"माहीत नाही."

मागच्या रविवारी आम्ही पुन्हा तिथे गेलो. खूळ बंद झालं नाही, एवढं तरी झालं. तनूने सगळा दोर स्वतः हातातून काढला, कोणाला शिवू दिला नाही. टोक कमरेला बांधलं. कातळावर हात ठेवला आणि मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"आत्या, या बारीनं ढील तूच देशील ना?"

"हो," मी म्हणाले.

ती लगेच चढली नाही. आधी माझ्या हातांकडे नीट बघून घेतलं.