आर्डिसने शिवलेला पट्टा

सॅमन नदीच्या खोऱ्यातल्या अर्ध्या गावाची खोगिरं, तंबू नि ट्रकच्या गाद्या आर्डिस टोलमनच्या मशीनखालून गेल्या होत्या. शिकारीचं मात्र तिला काडीचं वेड नव्हतं. सप्टेंबरात नवरा व्हर्लिन टोकांना कप्प्या बसवलेलं धनुष्य घेऊन एल्कच्या मागावर डोंगरात जायचा. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊच. आर्डिस घरी राहून निवांतपणे टोमॅटो बरण्यांत भरायची. तिला ते दिवस आवडायचे.

मग एका वर्षी व्हर्लिन बसगॅरेजच्या छपरावरून पडला. मोडलेला डावा खांदा जुळला खरा, पण त्या हातात धनुष्य धरून तीन तास चढलं की बोटं बधिर व्हायची. त्या सप्टेंबरात एल्क समोर उभा असताना हात असा थरथरला, की बाण त्याच्या पाठीवरून जाऊन पाइनच्या बुंध्यात घुसला.

"हा हात आता माझा राहिला नाही," घरी येऊन तो म्हणाला.

"तुझाच आहे. त्याला हमाली करायला लावू नकोस म्हणजे झालं."

शाळेच्या भंगारात निघालेल्या बसचे सीटबेल्ट उसवून तिने धनुष्य अडकवायला पट्टा शिवला. व्हर्लिन धनुष्य पाठीवर टाकून गेला आणि तोंडभर ओरखडे घेऊन आला. वरचं टोक प्रत्येक फांदीत अडकत होतं.

"धनुष्य कसलं, पाठीला शिडी बांधल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

दुसरा पट्टा छातीवर अडकवायचा होता, वेल्क्रो लावलेला. एल्क तीस पावलांवर आला, व्हर्लिनने वेल्क्रो ओढलं, आणि चर्रर्र आवाजाने सगळं रान जागं झालं. सोबत गेलेल्या गेलनने, म्हणजे त्यांच्या शेजाऱ्याने, ही गोष्ट गावभर केली.

"आर्डिस, तुझ्या पट्ट्याने एल्क थेट शेजारच्या राज्यात, मॉन्टानात पोचवला बघ."

"तुम्ही सांगता तसं मी शिवते, हेच चुकतंय," ती म्हणाली. "आता बघून शिवणार."

शनिवारी पहाटे ती बूट घालून व्हर्लिनच्या आधी ट्रकमध्ये जाऊन बसली. डोंगरात धनुष्य तिने त्याच वेल्क्रोच्या पट्ट्याने स्वतःच्याच गळ्यात अडकवलं. आडव्या पडलेल्या झाडांवरून चढताना खालचं टोक गुडघ्यावर आपटत होतं, पट्टा मानेत रुतत होता, दोरी जाकिटावर घासून कुरकुरत होती. तासाभराने ती एका ओंडक्यावर बसली आणि खिशातून दाभण नि मेणाचा दोरा काढला. मानेखाली व्हर्लिनच्या मफलरची घडी घालून टाचली. दोरीला त्याच्याच मोज्याची खोळ चढवली. खालचं टोक कमरेच्या पट्ट्यात अडकेल असा फास केला. वेल्क्रो कापून तिथे लाकडाची खुंटी बसवली, तंबूच्या पडद्याला असते तशी, ओढली की फासातून सुटणारी.

"ओढ," ती म्हणाली.

त्याने खुंटी ओढली. धनुष्य अलगद हातात आलं. आवाज नाही.

"एक पाय उघडा पडला माझा," तो म्हणाला.

"एल्कला काय करायचंय तुझ्या पायाशी?"

दुपारी ओढ्यापलीकडे एका नर एल्कने लांबलचक शीळ घातली आणि तो झाडीतून बाहेर आला. खुंटी अलगद सुटली. व्हर्लिनचा हात दगडासारखा स्थिर होता. मांस खाली आणायला त्यांना दोन दिवस लागले. घरी टोमॅटो सडून गेले होते आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

पुढचे चौदा सप्टेंबर ती त्याच्याबरोबर गेली. बाण तिने एकदाही सोडला नाही. चढ संपेपर्यंत धनुष्य तिच्या गळ्यात, पाणी नि शिदोरी त्याच्या पाठीवर. बोलणं फारसं होत नसे. पुढे त्याच्या बुटांचा आवाज, तुटलेल्या पाइनचा वास, आणि मधेच थांबून, न बघताच, तिच्या आधाराला त्याने मागे केलेला हात.

मग एका फेब्रुवारीत झोपेतच त्याचं हृदय थांबलं. त्यानंतर चार सप्टेंबर आर्डिस डोंगराकडची खिडकी लावून बसली. पाचव्या वर्षी, तिच्या अठ्ठ्याहत्तरीत, गेलन दारात आला.

"खालच्या कुरणापर्यंत गाडी जाते," तो म्हणाला. "नुसतं बसून येऊ."

ते कुरणाच्या कडेला सँडविच खात बसले. उजाडता उजाडता वरच्या रानातून एक शीळ आली, चढत गेली आणि तुटली. आर्डिस ऐकत राहिली. डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत.

"जायचं का वर?" गेलनने विचारलं.

"आधी स्वतःच्या गुडघ्यांना विचार."

तो हसला, तीही हसली. ऊन कुरणावर पुरतं उतरेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.