आठव्या टाकीचा ताप

मी बिदरच्या मैलूरचा. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे भुताखेताचा विषय घरात कुणी काढलाच तर त्याची आधी उलटतपासणी व्हायची. पुढे मी स्वतः कॉम्प्युटर हार्डवेअरमध्ये गेलो. यंत्र बिघडतं आणि बिघाडाला कारण असतं, यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. फक्त एका दुपारचं काय करायचं, ते मला कळत नाही...

साल सत्त्याऐंशी किंवा अठ्ठ्याऐंशी. मे महिना. हैदराबादच्या एका कंपनीत मी सर्व्हिस इंजिनिअर होतो. हुमनाबादच्या इंडस्ट्रियल एरियात एका केमिकल कारखान्यात कपाटाएवढा कॉम्प्युटर होता — आजच्या सर्व्हरचा आजोबा म्हणा. मागच्या आवारात आठ लोखंडी टाक्या. प्रत्येकीत तापमान मोजणारी एक सळई, तिथून वायर या मशीनपर्यंत. पडद्यावर आठ ओळी, आठ आकडे. त्यातली आठवी टाकी दोन वर्षांपूर्वीच बाद झाली होती. सळई काढलेली, वायर कापलेली. माझं काम साधं होतं. नव्या फर्मवेअरची, म्हणजे मशीनच्या आतल्या प्रोग्रॅमची, चिप बसवायची आणि मशीनला सांगायचं की टाक्या आता सातच आहेत.

त्या काळी हे सांगणं म्हणजे मशीनमधल्या सर्किट-कार्डावरच्या आठ बारीक स्विचच्या पट्टीतला आठवा स्विच पेनाच्या टोकाने खाली करणं. तो केला, चिप बसवली, मशीन चालू केलं. सकाळचे अकरा वाजले असतील.

सात ओळी आल्या. एकसष्ट, अठ्ठावन्न, त्रेसष्ट... आणि जरा वेळाने, सगळ्यात खाली, आठवी. ३८.४.

"ही कामून आली, सर?" रेखाताईंनी विचारलं. त्या तिथल्या ऑपरेटर, दर तासाला तापमान लिहून घ्यायच्या.

"कापलेल्या वायरची टोकं कुठेतरी चिकटली असतील. बाहेरची हवा दाखवतंय," मी म्हणालो. बाहेर चाळिशीचं ऊन होतं, त्यामुळे मलाही ते पटलं.

मशीन बंद केलं, आठवा स्विच पुन्हा तपासला — खालीच होता. चालू केलं. आठवी ओळ हजर. ३८.७.

आता मला जरा चीड आली. परत बंद केलं आणि आठव्या टाकीचा आकडा वाचणारी छोटी चिपच सॉकेटमधून उपटून टेबलावर ठेवली. म्हणजे आता वाचायला तिथे काही उरलंच नव्हतं. चालू केलं.

३८.९.

एक शेवटची चाचणी राहिली होती... हाताला काहीतरी काम हवं म्हणून तीच उरकायला घेतली. समोरच्या पॅनेलवर एक खटका होता, तो फिरवला की सगळे आकडे सेल्सियसऐवजी फॅरनहाइटमध्ये दिसायचे. फिरवला. आठव्या ओळीत १०२.० आलं.

रेखाताईंचं लिहिणं थांबलं. "सर... हा तर ताप हाय."

"काय?"

"ताप. माणसाचा. माझ्या लेकीला मागल्या आठवड्यात एकशेदोनच होता. घंट्याघंट्याला थर्मामीटर लावायलते मी."

आम्ही बघत होतो तोवर १०२.३ झालं. मग १०२.६. "चढायलाय," त्या अगदी हळू म्हणाल्या.

तेवढ्यात शिफ्टचे इन्चार्ज वैजनाथअण्णा आत आले. रेखाताईंनी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. पडद्याकडे बघतच त्यांनी आवारात फोन लावला.

"सगळी माणसं हायत का रे तिकडं? ... कोन? बिरप्पा? ... कवापासून?"

फोन ठेवताना त्यांचा चेहरा उतरला होता. "बिरप्पा साडेनऊपासून दिसंना म्हनायलेत. चिंताकीला लेकीकडं गेला असंल म्हनून कुनी इचारलंबी न्हाई."

"कोण बिरप्पा?"

"आमचा जुना फिटर. आठ नंबर उद्या कापायची हाय, म्हनून आतलं माप घे म्हनून मीच त्याला..."

वाक्य अर्धंच टाकून ते दाराकडे वळले. मीही त्यांच्यामागे टाकीकडे धावलो.

टाकीला हात लावला आणि चटका बसला. वरचं झाकण उघडं होतं. वैजनाथअण्णांनी वाकून बॅटरीचा उजेड टाकला. आतून भट्टीसारखी वाफ येत होती. शिडीची पायरी तुटून लोंबत होती, आणि तळाशी बिरप्पा आडवा पडला होता. हाक मारली, हलला नाही. दोघं जण दोर बांधून उतरले आणि त्याला वर काढलं. अंग कोरडं, लालबुंद, हात ठेववत नव्हता. ओल्या पोत्यांत गुंडाळून वैजनाथअण्णा स्वतः त्याला जीपमधून दवाखान्यात घेऊन गेले.

मी परत आलो तर रेखाताई खोलीबाहेर, दाराकडे पाठ करून उभ्या.

"त्यांना काढलं न्हवं भायेर?"

"हो. जीप गेलीसुद्धा."

"मग आकडा अजून कामून हाय?"

मी आत गेलो. आठवी ओळ तशीच होती. १०५.८.

तोवर मनात कुठेतरी टाकीचाच हिशेब चालू होता — लोखंड, ऊन, कुठली तरी वायर. पण टाकी आता रिकामी होती. माणूस हायवेवर होता. आणि आकडा त्याच्याबरोबर चालला होता.

माझा हात मेन स्विचकडे गेला. दुसरं काही सुचतच नव्हतं, ते डोळ्यांसमोरून जावं एवढंच वाटत होतं.

"सर, बंद करू नका!" दारातून रेखाताई ओरडल्या. "पाया पडते तुमच्या, हात लावू नका!"

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीवर बसलो. १०५.८. १०५.९. मग एकाएकी ओळच गेली. पडद्यावर सातच आकडे... रेखाताई रडायला लागल्या. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग ओळ परत आली. १०५.७. नंतर १०५. नंतर १०४.

तीनच्या सुमारास १०१ वर असताना ती आपोआप नाहीशी झाली, ती कायमची. थोड्याच वेळात फोन वाजला. वैजनाथअण्णा होते. "शुद्धीवर आलाय. पानी मागायलाय. वाटंत एकदा श्वासच थांबला व्हता बघा... छाती दाबली तवा आला."

कार्ड मी हैदराबादला नेलं. आम्ही तिघांनी मिळून ते तपासलं. त्यात काहीही दोष नव्हता. आठव्या टाकीच्या वायरी आवारातच कापलेल्या होत्या, हे मी तिथून निघण्यापूर्वी स्वतः पाहिलं होतं. तेव्हाही कारण सापडलं नाही, आज इतक्या वर्षांनीही नाही. वाचकांत कुणी हार्डवेअरमधले जाणकार असतील तर जरूर सांगावं. मला खरोखर एखादं साधं, तांत्रिक कारण हवं आहे.

कारण दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो होतो. बिरप्पा झोपलेला होता. त्याची बायको एकदम उठून माझ्या पायाशी वाकली. "दादा, तुमच्यामुळं वाचले ह्ये. तुमाला कसं कळलं वो?"

मी मागे सरलो. त्या सकाळी मी ते मशीन दोनदा बंद केलं होतं. त्या दोन वेळा टाकीत त्याचं काय झालं असेल, हे मी त्याला कधी विचारू शकलो नाही.