दामूचा उलटा हात

टोकावड्याच्या एसटी थांब्यामागे दामूचं केस कापायचं दुकान आहे. एक खुर्ची, एक आरसा, एक बाकडं. त्या बाकड्यावर रोज सकाळी मी असतो. मी एसटीत कंडक्टर होतो, म्हणून गाव मला मास्तर म्हणतं. निवृत्त झालो, पण दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची सवय काही सुटली नाही.

स्वतःच्या हातावर दामूइतका भरवसा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याचं नाव होतं ते उलट्या हातासाठी. आधी केस वाढतात त्या दिशेने वस्तरा फिरवायचा, तो सुलटा हात. मग पुन्हा फेस लावून खालून वर खरडायचं, तो उलटा. शेवटी दामू कापसाचा बोळा गालावरून फिरवायचा. एक तंतू जरी अडकला तरी गिऱ्हाइकाला उठू द्यायचा नाही. या कापसासाठी वैशाखऱ्याहून माणसं यायची.

गेल्या हिवाळ्यात या नावाला डाग लागला. मुरबाडकडच्या एका कारखान्यात आमच्याकडची सहा पोरं पावडर खात्यात कामाला आहेत. पांढरी, घामाने भिजली की चुणचुणणारी पावडर. तिथे तोंडाला घट्ट मास्क लागतो आणि दाढी वाढली तर मास्क नीट बसत नाही, म्हणून सगळ्यांना गुळगुळीत राहायची सक्ती. सहाही जण दामूकडे यायचे. सहाही जणांच्या मानेवर लाल पुळ्यांच्या रांगा उठल्या. दामूचा वस्तरा लागतो, अशी बोंब झाली. तो एकच ब्लेड सगळ्यांना वापरतो असंही कोणीतरी उठवलं. खोटं साफ! प्रत्येक माणसाला नवं ब्लेड लावताना मीच रोज बघतो. पण लोकांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? बाकडं रिकामं पडायला लागलं.

दामू डगमगला नाही. दोष पावडरीचा आहे, माझ्या हाताचा नाही, असं तो येईल त्याला ठणकावून सांगायचा. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील लोक. त्यावर तो चिडला आणि म्हणाला, सिद्धच करून दाखवतो.

त्या सहांपैकी इंद्रजीत हा सगळ्यात समजूतदार पोरगा. कुरळे केस, त्यामुळे पुळ्याही त्यालाच जास्त. दामूने त्याला गळ घातली. पंधरा दिवस उजव्या बाजूच्या गालाला-मानेला सुलटा आणि उलटा दोन्ही हात, डाव्या बाजूला फक्त सुलटा. पावडर तर दोन्ही गालांवर सारखीच बसते. मग पुळ्याही दोन्हीकडे सारख्याच राहणार आणि हातावरचा आळ जाणार, असा दामूचा पक्का हिशोब. पोरगा तयार झाला.

सोळाव्या दिवशी इंद्रजीत खुर्चीत बसला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पण इथे आरसाही समोर होता. उजवी बाजू पुळ्यांनी भरलेली. डावीकडे जेमतेम तीन-चार, त्याही सुकत आलेल्या. दामू किती तरी वेळ बघत राहिला. मला त्याची दया आली आणि खरं सांगतो, थोडा रागही आला. एवढा हट्ट कशाला करायचा?

मी त्याला सावरायला गेलो. माझ्या गालावर तू तीस वर्षं उलटा हात मारतोस, मला कधी एक पुळी नाही, म्हटलं. दामू त्याने सुखावला नाही, पण विचारात पडला. पुढच्याच महिन्यात कारखाना दुरुस्तीसाठी बारा दिवस बंद राहिला. तेव्हा इंद्रजीतने आपणहून दोन्ही गाल पुढे केले, काका, आता दोन्हीकडे उलटा मारून बघा म्हणाला. बारा दिवसांत दोन पुळ्या आल्या. पावडर नाही तर पुळ्या थोड्या, उलटा हात नाही तरी थोड्या. दोन्ही एकत्र आले की मात्र मान पेटायची.

दामू इंद्रजीतला घेऊन मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, फार खोल खरडलं की कुरळा केस वळून कातडीत शिरतो, आणि वरून पावडर बसली की चिघळतो. पावडरीचा वाटा किती, हे एका माणसावरून सांगता येणार नाही. पण कामावरून सुटल्यावर मान आधी साध्या पाण्याने धुवा, आणि पावडरीचं कारखान्यात लेखी कळवा. तसा अर्ज सहाही जणांनी दिला.

दामूला सुटायला वाट होती. डॉक्टरांनी पावडरीचं नाव घेतलं, एवढंच गावात सांगितलं असतं तरी भागलं असतं. मला वाटलं होतं, तो तेच करणार. रविवारी त्याने सहाही पोरांना दुकानात बोलावलं.

"पावडर वाईटच हाय," तो उभ्यानेच म्हणाला. "पण तुमच्या माना मीच सोलल्या. कापूस अडकू नये म्हणून. तुमी दुसरीकडं गेलात तरी माझा राग नाय."

मग इंद्रजीत उठला, खुर्चीत बसला आणि डोकं मागे टाकून गळा उघडा केला.

"सुलटा मारा, काका," तो म्हणाला.

दामूने नवं ब्लेड लावलं आणि वरून खाली वस्तरा फिरवला. एकदाच. तोंड पुसलं, तुरटी लावली. सवयीने बोळा उचलला आणि गालावरून फिरवला. कापूस ठिकठिकाणी अडकला, पांढरे तंतू तिथेच चिकटून राहिले. दामूचा हात परत वस्तऱ्याकडे गेला आणि मध्येच थांबला. मग त्याने ते तंतू बोटांनी एकेक करून वेचले आणि इंद्रजीतला म्हणाला, "झालं. ऊठ."

बाकड्यावरची पाच पोरं आपापल्या नंबराने सरकली. मीही सरकलो.