जायफळाचा एकच वेढा

माझी मुलगी सोनाली सात महिन्यांची असताना मस्कतला जाणाऱ्या विमानात शुद्ध हरपून पडली होती. ते भामाआत्याच्या गुटीनं झालं, असं आमच्या कऱ्हाटीच्या घरात आणि माझ्या सासुरवाडीला इंदापूरला सगळे सात वर्षं धरून चालले होते. ते खरं नव्हतं. खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो. आत्याविषयी लिहायचं तर हे आधी लिहायला हवं. हे मागं ठेवून नुसत्या तिच्या गमती सांगितल्या तर मी तिला दुसऱ्यांदा फसवल्यासारखं होईल.

भामाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. उंच, हाडापेरानं मोठी, आणि आवाज असा की ओसरीवरून हाक मारली तर विहिरीवरचा माणूस वळून बघायचा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरीच राहिली. तिच्या लहानपणी आमच्या घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून घरची माणसं घाट उतरून कोकणात जायची आणि पावसाच्या आत परतायची. त्या बिऱ्हाडाबरोबर तान्ही पोरंही असायची. पुढं मेंढरं विकली, शेताला पाणी आलं, आम्ही शिकलो. आत्याच्या अंगातला प्रवास मात्र कधी गेला नाही. कुणी बारामतीला निघालं तरी ती पिशवी उघडून बघायची आणि काहीतरी बाहेर काढायला लावायची.

तान्ह्या मुलाला हात लावण्याआधी ती स्वतःचा तळवा आपल्या गालाला लावून बघायची. "ज्या हातानं आपलाच गाल दचकतोय, त्यो लेकराला कसा लावायचा?" गावातल्या बाळांना न्हाऊ घालायला आणि गुटी द्यायला तिलाच बोलावणं यायचं. सहाणेवर दुधात मुरुडशेंग, हिरडा, वेखंड उगाळायचं, प्रत्येकाचे वेढे ठरलेले, आणि शेवटी जायफळ. जायफळानं झोप येते म्हणून आयांचा आग्रह असायचा, अजून थोडं उगाळा. आत्या ऐकायची नाही. "जायफळाचा येकच येढा. दुसरा येढा लेकरासाठी नसतुया, आईच्या आळसासाठी असतुया."

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीत डिप्लोमा करून मी मस्कतला एका कंपनीत एसी दुरुस्तीच्या कामावर लागलो होतो. मोठ्या खटपटीनं कुटुंबाला नेण्याची परवानगी मिळाली. माझी बायको सुनंदा बाळंतपणानंतर अशक्त झाली होती. संदीप चार वर्षांचा आणि सोनाली तान्ही. म्हणून दोन-तीन महिने सोबतीला आत्यानं यायचं ठरलं.

तिनं तयारी आपल्या हातात घेतली. सुनंदानं बाळाची सहा झबली-टोपडी वर काढून ठेवली होती. आत्यानं त्यातली तीन परत आत टाकली आणि सुनंदाचंच एक लुगडं आणि पोलकं पिशवीत कोंबलं.

"आत्याबाई, माझं कशाला?"

"लेकरू वकलं तर कुणाच्या अंगावर वकतं? आईच्या. मग तू काय त्या इमानात तशीच बसणार हायेस व्हय?"

संदीपविषयी तिचं म्हणणं वेगळं होतं. "ह्येला निजवून न्हाय न्यायचं, दमवून न्यायचं." आणि सोनालीसाठी एकच नेम: विमान चढताना पाजायचं आणि उतरताना पाजायचं. घाट उतरताना पोरांचे कान दडे बसून दुखतात, घोट गिळला की मोकळे होतात, म्हणून बायका चालता चालता पाजायच्या, हे तिनं पाहिलेलं होतं. विमानाची बाकीची कल्पना मात्र अगदीच निराळी होती. "मधी कुठं थांबतंय का न्हाय? भिगवणला रेल्वेसुदिक थांबती," असं तिनं मला दोनदा विचारलं. आणि सहाण घेतल्याशिवाय येणार नाही म्हणून हटून बसली. मस्कतला काय दगड मिळत नाहीत का, असं मी चिडून म्हणालो.

"दगुड असतील. त्यास्नी माजा हात ठाऊक नसंल."

मी चिडत होतो त्याचं कारण वेगळं होतं. आमच्या कामावरचे मोठे साहेब त्याच विमानानं परतणार होते. त्यांनीच माझ्या परवानगीच्या कागदावर सही केली होती. त्यांच्यासमोर नऊवारीतली आत्या, तिची सहाण आणि रडणारं पोर, या चित्राची मला लाज वाटत होती. कंपनीतला एक जण म्हणाला होता, सर्दीचं एक औषध मिळतं, चमचाभर दिलं की पोरं मस्कत येईपर्यंत उठत नाहीत. बारामतीच्या एका दुकानातून मी ती बाटली चिठ्ठीशिवाय घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. सुनंदाला सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी पहाटे आत्यानं सोनालीला नेहमीची गुटी दिली. जीपनं आम्ही मुंबईला पोचलो. विमानतळावर आत्या संदीपला घेऊन त्या लांबलचक फरशीवर शर्यत लावत सुटली. काष्टा खोचून धावणाऱ्या म्हातारीकडं लोक वळून बघत होते. सुनंदा हातपाय धुवायला गेली. बाळ माझ्या मांडीवर होतं, किरकिर करत होतं. मी एक चमचा औषध दिलं.

विमानात बसल्यावरही किरकिर थांबेना. साहेब आमच्यापुढं दोन रांगा सोडून बसले होते. विमान सुटायला अजून वेळ होता. "मी फिरवून आणतो," म्हणून मी तिला मागं नेलं आणि आणखी एक चमचा दिला. तो चमचा पुरता भरला होता.

विमान वर चढताना सुनंदानं पाजलं, पण दोन घोटांतच सोनालीनं तोंड सोडलं आणि झोपली. संदीप तर पट्टा बांधल्या बांधल्याच घोरायला लागला. साहेब उठून जाताना आमच्याजवळ थांबले. "फार शांत मुलगी आहे हो तुमची," म्हणाले. मला किती बरं वाटलं ते आता लिहितानाही नको वाटतं.

जेवणाचे ट्रे उचलून नेले तेव्हा आत्यानं तळवा गालाला लावला आणि बाळाला आपल्याकडं घेतलं. पायाच्या तळव्याला बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं.

"शिवा, ही निजली न्हाय. ही पडलीया."

"झोपलीय गं. प्रवासानं दमलीय."

"निजल्यालं लेकरू पाय वढून घेतंय. ही घिना."

तिनं झबलं, टोपडं, सगळं काढलं. बाळाला खांद्याशी उभं धरलं, ओला हात पाठीवर, पायांवर फिरवत राहिली. श्वास चालला होता, पण उथळ, आणि दोन श्वासांत फार अंतर. सुनंदा रडायला लागली. हवाईसुंदरी धावत आली, डॉक्टर कुणी आहे का म्हणून विमानात विचारलं गेलं, कुणी नव्हतं. तिनं प्राणवायूची नळी आणून तोंडाशी धरली. मी उठलो आणि संडासात जाऊन बाटली तिथल्या टोपलीत, कागदांच्या खाली सारली. मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी हात धुतले आणि परत येऊन बसलो.

विमान खाली यायला लागलं. सुनंदानं बाळाला घ्यायला हात पुढं केले. "पाजते मी. तुम्हीच म्हणालात ना, उतरताना..."

"आता न्हाय," आत्यानं तिचा हात धरला. "गिळायची शुद न्हाय तिला. छातीत जाईल."

"पण कान दुखतील तिचे!"

"दुखू दे. दुखून रडली तर सोनं झालं."

एवढा वेळ मी ज्या रडण्याला भीत होतो त्याचीच वाट बघत आम्ही तिघं बसलो. माझे स्वतःचे कान दडे बसून ठणकत होते. आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती, "रड, माजे बाई, रड. आख्ख्या इमानाला उठीव." सोनालीचं तोंड वाकडं झालं. आवाज आलाच नाही. मग मांजराच्या पिलासारखा एक बारीक सूर निघाला आणि तुटला. आत्यानं डोळे मिटले. "हाय," म्हणाली. "हाय अजून."

विमानतळावरून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, बच्ची को क्या दिया था? सुनंदानं आत्याकडं पाहिलं. आत्याला प्रश्न कळला. ती पुढं होऊन म्हणाली, "सकाळी गुटी दिलती मी." मी त्यांना हिंदीत सांगितलं, घरका कुछ दिया था, जायफळ वगैरह. डॉक्टर आत्यावर असे ओरडले की परिचारिकेनं मान खाली घातली. मी तिथं उभा होतो. उपचार कशावर करायचे हेच त्या डॉक्टरांना मी कळू दिलं नाही, आणि तरीही सोनाली वाचली ही माझी पुण्याई नव्हे. संध्याकाळी ती भूक लागून मोठ्यानं रडली. आत्याला आत सोडलं नव्हतं. ती बाहेरच्या बाकावर बसून भिंतीपलीकडचं ते रडणं ऐकत होती.

पंधरवड्यात ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर आत्या परत गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. पण सुनंदा बाळाला तिच्याकडं देत नव्हती आणि ती मागत नव्हती.

पुढच्या रजेत मी घरी आलो तेव्हा सहाण मागच्या दाराला वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकण लावलेली दिसली. गावातून बोलावणं आलं की आत्या म्हणायची, "माजा हात गेला आता." लहान मूल समोर आलं की ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची. आणि दर रजेत, मी एकटा सापडलो की विचारायची, "शिवा, त्या पहाटं अंधार हुता रं. माज्या हातून येक येढा जास्त गेला आसंल का?"

मी म्हणायचो, "जाऊ दे गं आत्या. झालं गेलं."

ती मान हलवायची. माझ्या त्या उत्तराला ती माझा मोठेपणा समजायची.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा माझ्या मेव्हणीला, माधुरीला, इंदापूरला मुलगा झाला. सासऱ्यांची डाळिंबाची बाग, माणसांचा राबता मोठा. बारसं अंगणात मांडव घालून केलं. मी रजेवर होतो. मानाचं म्हणून आत्यालाही बोलावणं होतं. ती पाळण्यापासून लांब, खांबाला टेकून, हात पदराखाली घेऊन बसली होती. सोनाली, सात वर्षांची, आपल्या नव्या भावाच्या पाळण्याची दोरी कुणाला देत नव्हती.

माधुरीचा नवरा दुबईला. महिन्याभरात ती बाळाला घेऊन एकटीच जाणार होती. बायकांनी तिला सूचना द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं पुढची जागा माग, तिथं पाळणा लावतात. कुणी म्हणालं दुपटी जास्त घे. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, मी औषध आणून ठेवलंय. एक चमचा दिला की पोचेपर्यंत झोपेल." आणि आत्याकडं न बघता पुढं म्हणाल्या, "गुटीबिटी मात्र काही नको गं बाई. एकदा बघितलंय ते."

माधुरीनं खिडकीतली बाटली उचलून मला दाखवली. "भाऊजी, तुम्ही नेहमी जाता-येता. एक पुरेल ना? की दोन देऊ?"

तशीच बाटली होती. नाव तेच, झाकणही तेच.

"देऊ नकोस," मी म्हणालो.

"का हो जावईबापू?" सासूबाई हसल्या. "डॉक्टरी औषध आहे. त्या जायफळापेक्षा तर बरं!"

नुसतं 'नको' म्हणून मी सुटू शकत होतो का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. सुटलो नसतो. माझ्या 'नको'ला कारण हवं होतं आणि कारण एकच होतं.

"सोनालीला मी हेच दिलं होतं," मी म्हणालो. "दोन चमचे. आत्याच्या गुटीनं काही झालं नव्हतं."

सोनालीच्या हातातली पाळण्याची दोरी थांबली. सुनंदा माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यायला वेळ लागला, आणि तो आला तेव्हा मी तिच्याकडं बघू शकलो नाही. मी बायकांमधून वाट काढत खांबापाशी गेलो आणि आत्यासमोर जमिनीवर बसलो.

"कवा दिलंस?" तिनं विचारलं. तिचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"एक विमानतळावर, तू संदीपला पळवत होतीस तेव्हा. एक विमानात, मागं नेऊन."

"आन माजा येढा?"

"एकच होता, आत्या. तुझा हात बरोबर होता."

तिनं पदराखालून हात काढले. उताणे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसली. "सात वर्सं मी ह्या हातास्नी शिव्या दिल्या," ती म्हणाली. मग मान वर केली. "त्यो डागदर इचारत हुता तवा का न्हाय बोललास? मला ऱ्हाऊ दे. पोर आत पडली हुती रं."

 मी तिचे दोन्ही हात धरले. ते गार पडले होते.

"तेव्हाच बोलायला हवं होतं," मी म्हणालो, "पोरीसाठी, आणि तुझ्यासाठी. मी भ्यालो, आणि माझं पाप तुझ्या हातावर घातलं. चुकलो, आत्या. मला माफ कर."